हाकुऊन गप्प राहिला ती दुपार

आधी माझा वास येतो, मग चाकांची कुरकुर ऐकू येते आणि मग वळणावर मी दिसते. त्यामुळे स्वतःची ओळख करून द्यायची वेळ माझ्यावर आजवर आली नाही. आज मात्र देते. मी भाजक्या रताळ्यांची हातगाडी बोलतेय. टोकियोतल्या सुमिदा नदीच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांमधून हिवाळाभर फिरणारी. तुम्ही मला पाहिलं असेलच; गल्लीत नसेल तर पडद्यावर. कुसाकाबेसाहेबांच्या चित्रपटात तोराकिची ओगुरा ज्या गाडीचा दांडा धरून उभा आहे ना, ती मी.

माझा जन्म पिंप म्हणून झाला. विमानतळावर तेल साठवायचं जाड पत्र्याचं पिंप. युद्ध संपलं, विमानं संपली, आणि माझ्या पोटात पावसाचं पाणी साचून डास होऊ लागले. सेंजूतल्या एका पत्रेकाम करणाऱ्याने मला उचलून आणलं. त्याने माझं पोट कापलं, खाली लाकडं जाळायला जागा केली, वर जाड पत्रा बसवून त्यात नदीतले गुळगुळीत गोटे भरले, मागे धुराडं लावलं आणि खाली दोन चाकं जोडली. ज्या पोटात विमानांचं तेल होतं त्यात आता रताळी भाजायची होती. मला विचाराल तर ही बढतीच झाली.

माझा पहिला मालक सैन्यातून परतलेला एक तरुण होता, उत्तरेकडचा, अकिताचा. स्वभावाने फार चांगला, पण इतका लाजाळू की तोंडातून हाकच निघायची नाही. गल्लीच्या तोंडाशी मला उभी करायचा आणि मान खाली घालून थांबायचा, जणू रताळीच ओरडून गिऱ्हाईक बोलावणार होती. एका हिवाळ्यात त्याने विकली त्यापेक्षा जास्त स्वतः खाल्ली. वसंत आला तसा तो गावी जायला निघाला, आणि त्याच सुमारास तोराकिची मला बघायला आला.

तोराकिचीकडे पैसे नव्हते. त्याच्याकडे एक लांब शेपटीचा काळा कोट होता, जुना पण झकास. तो त्याने पोराच्या अंगावर चढवून पाहिला.

"लग्नात घाल," तो म्हणाला. "आणि पोरी, मुलगी बघायला जाशील तेव्हा तोंड उघड रे बाबा!" मग स्वतःच जीभ चावून म्हणाला, "पोरी कुठे, पोरा! गाडीकडे बघत होतो ना."

म्हणजे पहिल्याच भेटीत त्याने मला पोरी म्हटलं. तेव्हापासून मी त्याची.

हा कोट त्याच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. आजच्या मुलांना ठाऊक नसेल, पण मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी एक माणूस उभा असायचा. पडद्यावरची माणसं नुसतेच ओठ हलवायची आणि हा त्यांच्या वतीने बोलायचा. राजा हाच, भिकारी हाच, रडणारी विधवासुद्धा हाच. त्याला बेन्शी म्हणत. लोक चित्रपटाचं नाव बघून यायचे नाहीत, आज कोण बोलणार आहे ते बघून यायचे. नदीपलीकडे आसाकुसात, थिएटरांच्या वस्तीत, तोराकिची 'हाकुऊन' या नावाने बोलायचा. हाकुऊन म्हणजे पांढरा ढग. पडद्याखालच्या खड्ड्यात वादक बसायचे, आणि त्यांत शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवायला शिगे असायची. तीच पुढे त्याची बायको झाली. कोट होता तो त्या दिवसांचा.

मग बोलपट आले. पडद्यावरची माणसं आपापलं बोलायला लागली. बेन्शी आणि वादक थिएटरांसमोर घोषणा देत बसले, भांडले, आणि हरले. त्या दिवसापासून तोराकिचीने चित्रपटगृहात पाऊल टाकलं नव्हतं. पोस्टर दिसलं की तो मला पलीकडच्या बाजूला ओढायचा. आसाकुसात तर जायचंच नाही असा त्याचा नेम होता.

"अहो, माणसं तिकडे आहेत," शिगे मागून मला ढकलत म्हणायची, "आणि तुम्ही इकडे बगळ्यांना रताळी विकताय."

"बगळे गप्प ऐकतात तरी."

"ते मासे शोधत असतात. तुम्हाला वाटतं ऐकतायत."

मूलबाळ नव्हतं. घर बॉम्बहल्ल्याच्या आगीत गेलं होतं. पत्रे आणि फळ्या जोडून केलेल्या खोपटात दोघं राहायची आणि दिवसभर अशी भांडायची. पण हाक मारायची वेळ आली की शिगे गप्प व्हायची. तोराकिची छाती भरून घ्यायचा आणि म्हणायचा,

"भाजलेऽऽली रताळीऽऽ! गोऽड, गरम... हात भाजेल, जीव निवेऽऽल!"

नुसती हाक असायची, पण तिच्यात एक गोष्ट असायची. बायका आधी दारावरच्या पडद्याआडून हसायच्या आणि मग बाहेर यायच्या. रताळी विकत घेताना आपल्याकडच्या बायका का लाजतात हे मला आजवर कळलेलं नाही. इकडे तिकडे बघतात, चटकन पदराखाली लपवावं तसं किमोनोच्या बाहीत घालतात आणि पळतात. पुरुष मात्र जवळ यायचे नाहीत. युद्धात पाणचट रताळ्यांवर इतकी वर्षं काढलेली की नाव ऐकूनही ते तोंड फिरवायचे.

अशाच एका थंडीत, युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील, एक उंच माणूस बांधावरून आमच्या मागे मागे येऊ लागला. डोक्यावर मळकी टोपी, तोंडात विझलेली सिगारेट. आम्ही गल्ली बदलली की तोही बदलायचा.

"पोलीस दिसतोय," शिगे कुजबुजली.

"पोलीस एवढा वाकून चालत नाही," तोराकिची म्हणाला आणि गाडी थांबवली. "काय हवंय, साहेब?"

"आणखी एकदा हाक मारा."

"हाक विकत नाही. रताळं घ्या."

त्या माणसाने सगळ्यात मोठं रताळं घेतलं, सोलायच्या आधीच चावलं आणि तोंड भाजून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तरी बघत राहिला. "तुम्ही हाकुऊन," तो म्हणाला. "माझे वडील मला खांद्यावर बसवून आसाकुसात आणायचे. डोळे मिटले तरी मला तो आवाज ओळखता येईल."

तोराकिचीचा चिमटा हवेतच राहिला. "हाकुऊन मेला," तो म्हणाला. "बोलपटांनी मारला. मी त्याची रताळी विकतो."

"मी बोलपट काढतो. माझं नाव कुसाकाबे."

नाव ऐकून शिगेने कमरेतून वाकून नमस्कार केला. कुसाकाबेंचं नाव ज्याला माहीत नाही असा माणूस तेव्हा टोकियोत नव्हता. त्यांचे युद्धानंतरचे दोन चित्रपट बघायला लोकांनी पावसात रांगा लावल्या होत्या. राजेरजवाडे नाहीत, तलवारी नाहीत. आमच्यासारखीच फाटकी माणसं, आमच्यासारख्याच गल्ल्या. बायका सांगायच्या की त्यांच्या चित्रपटातून बाहेर आलं की शेजारणीशी भांडवत नाही.

"मला एक बाप हवाय," कुसाकाबे म्हणाले. "रताळी विकणारा बाप. कंपनी म्हणते मोठा नट घ्या. मोठ्या नटाला गाडी ओढता येत नाही, नुसती धरता येते."

"बोलपटात?" तोराकिचीने असं विचारलं, जणू त्याला चोराच्या घरी जेवायला बोलावलं होतं.

शिगे पुढे झाली. "साहेब, दुपारचं जेवण मिळेल का तिथे?"

"मिळेल."

"मग येतील हे."

"मी दुसऱ्याची गाडी हातात धरणार नाही!" एवढंच काय ते तोराकिचीला सुचलं. बिचाऱ्याला वाटलं, या अटीवर सुटका होईल. दुसऱ्या आठवड्यात मला घ्यायला ट्रक आला.

स्टुडिओ शहराच्या पार पश्चिमेला होता. आत गेल्यावर मी चक्रावले. एका प्रचंड गोदामात आमची गल्ली उभी होती. तोच नळ, त्याच वाळत टाकलेल्या लंगोट्या, तेच गळके पत्रे. आमच्याकडे चिखल फुकट मिळतो, इथे माणसं बादल्यांनी पाणी ओतून तो तयार करत होती, आणि कुसाकाबे म्हणत होते, "अजून घट्ट!" माझ्या पोटात खरी आग हवी, गोटे खरे तापलेले हवेत, रताळी खरी भाजत असायला हवीत असा त्यांचा हुकूम होता. खोटी वाफ त्यांना चालायची नाही. त्या दिव्यांच्या उकाड्यात मी भट्टी पेटवून उभी, आणि काम थांबलं की सगळी मंडळी माझ्याभोवती. त्या गोदामात जेवढी रताळी संपली तेवढी गल्लीत कधी खपली नव्हती.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. आगीत ताटातूट झालेल्या मुलीला बाप शहरभर शोधतोय. गाडी हा त्याचा बहाणा. प्रत्येक गल्लीत जायला मिळतं. मुलगी जिवंत आहे, पण पोटासाठी अशा ठिकाणी काम करते की बापाला तोंड दाखवायची तिला लाज वाटते. शेवटी एका सकाळी ती सहज रताळं घ्यायला येते आणि समोर बाप. दोघं ओळखतात. ती काही बोलत नाही, तो काही बोलत नाही. तो रताळं सोलून तिच्या हातात देतो, ती तिथेच उभी राहून खाते. बराच वेळ एवढंच. मग दोघं मिळून गाडी ढकलत जातात.

मुलीचं काम नामिको सेगावा करत होती. नवी होती, मन लावून काम करायची आणि नेहमी भुकेलेली असायची. तिचा आणि आमचा सूर लगेच जमला. अडचण आली ती तोराकिचीची. बाकी सगळं त्याने असं केलं की बघणारे काम विसरायचे. पण हे दृश्य आलं की त्याचं तोंड उघडायचंच.

"माझ्या लेकी! किती गं वाळलीस..."

"थांबवा!" कुसाकाबे ओरडायचे. "ओगुरासान, बोलायचं नाही."

पुन्हा दिवे, पुन्हा वाफ, पुन्हा नामिको येणार.

"अगं..."

"थांबवा!"

"मी कुठे बोललो? नुसतं 'अगं' म्हणालो."

"'अगं' सुद्धा नको."

पुढच्या वेळी तो बोलला नाही, पण असा हुंदका दिला की वरच्या फळीवर बसलेला दिवेवाला दचकला.

"काका," नामिको पोट धरून म्हणाली, "पाया पडते, आता गप्प बसा. प्रत्येक वेळी मला एक रताळं खावं लागतं. पडद्यावर मी सातव्या महिन्यातली दिसेन."

सगळे हसले. तोराकिची हसला नाही. तो माझ्या दांड्यावर बसला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "मी गप्प बसलो तर तिथे उरतं काय? एक म्हातारा आणि एक गाडी."

जेवणाच्या सुट्टीत शिगे आली. ती रोज यायची, स्टुडिओतला भात घरच्यापेक्षा पांढरा असतो म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाताचा गोळा खाता खाता म्हणाली,

"एक विचारू? तुम्ही आसाकुसात बोलायचात तेव्हा लोक कुठे रडायचे?"

"जिथे मी रडवायचो तिथे."

"तुमची पाठ असायची लोकांकडे, तुम्ही पडद्याकडे बघायचात. मी खड्ड्यात बसलेली, माझं तोंड लोकांकडे. मी वर्षानुवर्षं बघितलंय." तिने बोटांना चिकटलेलं शीत खाल्लं. "तुम्ही बोलत असायचात तेव्हा लोक तुमच्यावर खूश असायचे. दम घ्यायला थांबायचात ना, तेव्हा रडायचे."

तोराकिची तिच्याकडे वळला. "आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी लग्न केलं असतं का?"

दुपारी दिवे लागले. नामिको आली. तोराकिचीने तिच्याकडे पाहिलं. त्याने रताळं उचललं. सोललं. फुंकर घातली, जशी लहान मुलासाठी घालतात. आणि दिलं. नामिको खाऊ लागली, आणि या खेपेला तिला रडायचं नव्हतं तरी रडू आलं. कुणी थांबवा म्हणेना. कॅमेरा फिरतच राहिला. शेवटी कुसाकाबे अगदी हळू म्हणाले, "झालं." आणि टोपी काढून डोळ्यांवर धरली.

इथे माझी गोष्ट संपली असती, पण कंपनीचे मोठे अधिकारी इशिगुरो यांनी ते दृश्य पाहिलं.

एके दिवशी त्यांची मोटार आमच्या गल्लीत शिरली आणि अडकली. पुढे मी, मागे भाजीवाला. इशिगुरो खाली उतरले. गोरेगोमटे, नाकासमोर चालणारे, वाईट माणूस मुळीच नव्हे. शिगेने रताळं पुढे केलं तर दोन पावलं मागे सरले. "नको, नको! युद्धात माझ्या वाटणीची खाऊन झालीत."

मग ते तोराकिचीला म्हणाले, "ओगुरासान, ते दृश्य फार लांब आहे. लोक खुर्च्या वाजवतील. कुसाकाबे ऐकत नाहीत. पण माझ्याकडे एक युक्ती आहे. तुम्ही हाकुऊन आहात! त्या दृश्यावर तुमचा आवाज घालू. बापाच्या मनातलं तुम्ही बोला. पोस्टरवर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि यापुढे आमच्या प्रत्येक चित्रपटात तुमचा आवाज."

तोराकिचीच्या कपाळावरची शीर उडू लागली. ज्या बोलपटांनी त्याला रस्त्यावर काढलं, तेच आज मोटार घेऊन त्याचा आवाज मागायला दारात आले होते.

"कुसाकाबेसाहेब काय म्हणतात?"

"त्यांच्याशी माझं ठरलंय. आसाकुसात साध्या लोकांना बोलावून चित्रपट दाखवू. त्या दृश्यात लोक शांत बसले तर तसंच ठेवू. चुळबुळ झाली तर शब्द घालू. होणारच आहे, म्हणून म्हणतो, तयारीत राहा."

त्यानंतर तोराकिची गाडी ओढता ओढता पुटपुटू लागला. ते शब्द दुसरं कुणी ऐकले नाहीत, मी ऐकले. काय शब्द होते! आगीतून निसटलेला हात, नदीत पाहिलेला प्रत्येक चेहरा, दर हिवाळ्यात गल्लोगल्ली मारलेली हाक. ऐकून माझे गोटेसुद्धा जास्त तापायचे.

"छान आहेत," शिगे एकदा मागून म्हणाली. "म्हणूनच भीती वाटते."

"कसली भीती?"

तिने मला जोरात पुढे ढकललं.

खेळाच्या दिवशी दुपारी आम्ही पूल ओलांडून आसाकुसात गेलो. तोराकिची पहिल्यांदा पोस्टरांच्या बाजूने चालला. थिएटरात इतकी माणसं कोंबली होती की बाजूचं दार उघडंच ठेवावं लागलं. त्या दाराशी मला उभी करून शिगे रताळी विकत राहिली आणि तोराकिची आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मला पडद्याचा डावा तुकडा तेवढा दिसत होता. त्या तुकड्यात मी आले, धुराडं, चाक आणि अर्धं पिंप, तेव्हा माझ्या अंगावर काय आलं ते सांगता येणार नाही. पत्र्यावर काटा येत नाही म्हणतात. येतो.

चित्रपट अर्धा झाला असेल. लोक हसत होते, नाकं ओढत होते, आणि एकाएकी आवाज गेला. पडद्यावर नामिकोचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. यंत्रातला आवाज पकडणारा छोटा दिवा जळून गेला होता. जादा दिवा नव्हता. थिएटरचा एक माणूस दुसऱ्या थिएटरातून तो आणायला सायकलवर धावला.

आत गलका सुरू झाला. "आवाज!" "झोपलात काय रे?" "आमचं पडसं बरं झालं तरी ऐकू येईना!" पुढच्या रांगेतून इशिगुरोंचा आवाज आला, "बंद करा! खेळ थांबवा!" आता लोक उठून जाणार, आणि चित्रपटाचं काय ठरायचं ते तिथेच वाईट ठरणार, हे मलासुद्धा कळलं.

आणि मग तो आवाज आला. मागच्या भिंतीकडून.

"'शेजारीणबाई, माझ्या बापाचा पत्ता मला विचारू नका...'"

नामिकोचा आवाज. हुबेहूब. लोकांच्या माना वळल्या. पडद्यावर शेजारीण बोलू लागली आणि भिंतीजवळून शेजारीण बोलली, दात पडलेली, कुजकट. मग दारुडा. मग पोलीस. सगळ्यांची वाक्यं स्टुडिओत ऐकून ऐकून पाठ झालेली. तोराकिची बोलत बोलत मधल्या वाटेने पुढे चालत गेला आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, जिथे तो तरुणपणी उभा राहायचा. एक म्हातारा ओरडला, "हाकुऊन! अरे, हा हाकुऊन आहे!" आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

बाहेर शिगेच्या हातातला चिमटा गळून पडला. तिने तो उचललासुद्धा नाही. तिची बोटं माझ्या दांड्यावर आली आणि तारा छेडल्यासारखी नाचू लागली. त्याचं वाक्य कुठे वळणार हे तिच्या बोटांना आधी कळत होतं.

तेवढ्यात सायकलवाला धापा टाकत आला. दिवा हातात. दाराशी येऊन थबकला.

"हे कोण बोलतंय?"

"माझा नवरा," शिगे म्हणाली.

त्याने क्षणभर ऐकलं. मग दिवा खिशात घातला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

आणि ते दृश्य आलं. माझ्या तुकड्यात मी होते आणि तोराकिचीचा हात होता. नामिको चालत येत असणार. लोकांच्या श्वासावरून कळत होतं. आता तो बोलणार. गल्ल्यागल्ल्यांतून घासून लखलखीत केलेले ते शब्द त्याच्या ओठांवर होते. इशिगुरो समोर बसले होते. पोस्टर, मोठी अक्षरं, सगळं एका वाक्याच्या अंतरावर. शिगेने डोळे मिटले.

तोराकिचीने दम घेतला. आणि सोडलाच नाही.

पडद्यावरच्या हाताने रताळं उचललं, सोललं. थिएटरात आवाज होता तो फक्त यंत्राच्या खरखरीचा. शेकडो माणसं, आणि कुणी खोकलं नाही. माझ्या पोटातला एक गोटा तडकला तर मला माझीच लाज वाटली. दांड्यावरची शिगेची बोटं थांबली होती. ती मुलगी खात होती, बाप बघत होता, आणि आतले सगळे त्या दोघांना बघत होते. मध्ये कुणी नव्हतं. कुठेतरी एका पुरुषाने मोठ्याने नाक शिंकरलं आणि त्याच्या मागोमाग सगळं थिएटर रडू लागलं.

तोराकिची शेवटपर्यंत बोलला. पुढची दोन-तीन वाक्यं होती तेवढी. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहिले. "हाकुऊन! हाकुऊन!" टोप्या उडत होत्या, कुणी त्याला उचलायला बघत होतं, नामिको त्याच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो म्हणत होता, "अगं, सांभाळून, माझं कंबरडं!" कुसाकाबेंनी त्या गर्दीत त्याच्यासमोर कमरेतून वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

इशिगुरो बाजूच्या दाराने बाहेर आले. डोळे लाल.

"ओगुरासान," तोराकिची आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला सगळं मिळणार होतं."

"बोलणार होतो, साहेब. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते." तोराकिचीने माझ्यावर हात शेकला. "पण ती पोरगी पडद्यावर एवढी जवळ आली, आणि तिचा बापही तिथेच होता. मला वाटलं, या दोघांत हा तिसरा म्हातारा कशाला?"

इशिगुरो म्हणाले, "दृश्य आहे तसंच राहील." आणि हात पुढे केला. "एक द्या. लहान बघून."

शिगेने मोठं दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या सगळं संपवलं.

तो चित्रपट पुढे हिवाळाभर चालला आणि वसंतातही उतरला नाही. आता गल्लीत पुरुषही रताळी घेतात. हल्ली तर गंमतच होते. माणसं चित्रपट बघून खास आम्हाला शोधत येतात. समोर उभी राहतात, काही न बोलता रताळं घेतात, काही न बोलता खातात, आणि डोळे भरून तोराकिचीकडे बघतात. त्यांना वाटतं, त्यानेही गप्प राहावं. तो राहतो. एकासाठी राहतो, दुसऱ्यासाठी राहतो, तिसऱ्याच्या वेळी त्याचा चेहरा लाल होऊ लागतो. मग शिगे म्हणते, "बोला एकदाचे, नाहीतर फुटाल," आणि तो सुटतो! बाप, मुलगी, शेजारीण, पोलीस, सगळा चित्रपट तिथल्या तिथे, गल्लीच्या मधोमध. भाजीवाला अडकतो, सायकली अडकतात, बायका लाजायचं विसरून बाहेर येऊन उभ्या राहतात. कुसाकाबेसाहेबांनी त्याला आणखी दोन चित्रपटांत घेतलं, आणि दोन्हींत अगदी थोडं बोलायला दिलं. बाकीचं सगळं त्याने माझ्यासमोर बोलून घेतलं.

माझा तळ जळून पातळ झालाय. सेंजूच्या त्या माणसाने दोन ठिगळं लावलीत आणि तिसऱ्याला जागा नाही म्हणतो. चाकं बदलली, धुराडं बदललं. लवकरच पिंपही नवं येईल, तेव्हा मी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते तुम्हीच ठरवा. मला त्याचं काही वाटत नाही. तेलाच्या पिंपाला एवढं आयुष्य मिळालं, गल्ली मिळाली, पडदा मिळाला, आणि अशी भांडणारी दोन माणसं मिळाली.

तुमच्याकडे मागणं एकच. गप्प उभा राहिलेला तोराकिची ओगुरा बघायचा असेल तर चित्रपटगृहात जा, तो तिथे कायम तसाच आहे. पण बोलणारा ऐकायचा असेल तर थंडीत पुलाच्या अलीकडे या. अंगात काहीतरी जाड घाला, कारण तो लवकर सोडत नाही. आणि हातातलं रताळं आधी खाऊन घ्या, त्याचं ऐकत राहिलात तर गार होईल.